सूर

सात माणसं, दोन खोल्या, एक भाड्याची प्राडो.
मस्कतहून निघायलाच उशीर झाला.
दशम्या फॉइलमध्ये नकोत, फडक्यातच बांधायच्या
म्हणून आक्का अडून बसल्या होत्या.
नणंदेचं बाळ कुरियातचा घाट संपेपर्यंत रडलं,
तनुषने तीनदा विचारलं, तिथे वायफाय असेल ना.

अण्णा पुढच्या सीटवर. पट्टा लावून, गप्प.

उघडे डोंगर बघून आक्का म्हणाल्या,
आमचे जतचे माळ बरे की,
निदान बाभळ तरी उगवते.
तेवढ्यात डावीकडे समुद्र आला, एकदम,
कुणी दार न वाजवता घरात यावं तसा.

या गावाचं नाव आमच्या घरात
माझ्या लग्नाच्या आधीपासून राहतं.
एकोणऐंशी साली अण्णा इथे आले,
खांबांवर चढून तारा ओढायला.
पाकिटावर पत्ता : सूर.
आत्याबाई म्हणायच्या,
आरतीत कधी सूर लागला नाही याचा,
आणि बघा कुठे जाऊन राहिलाय.
सहा वर्षं. सुट्टी दोनदा.
दुसऱ्या सुट्टीत संदेश चालत पुढे आला
आणि विचारलं, हे काका कोण.
(ही गोष्ट संदेश हसून सांगतो.
अण्णा त्या वेळी चष्मा पुसतात.)

संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर
अण्णा दर खांबापाशी थांबून वर बघत होते.
सगळे नवे. सरळ, करडे, वर सौर पट्ट्या.
एकही माझा नाही, ते म्हणाले,
जशी वर्गाच्या फोटोत आपली जागा शोधावी.

जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं
आणि अण्णा बोलायला लागले. अरबी.
आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं.
सानवी शाळेत सात वर्षं अरबी शिकते,
ती कुजबुजली : आई, सगळं व्याकरण चुकतंय.
म्हाताऱ्याला मात्र सगळं कळत होतं.
त्याने दोन सुरमया पिशवीत घातल्या,
पैसे घेईना.
आक्कांनी दशमीचं अख्खं गाठोडं त्याच्या पुढ्यात ठेवलं,
त्यानेही नको म्हटलं नाही.

रात्री एसी खरखरायला लागला, तो बंद केला,
बाल्कनीचं दार उघडं टाकलं.
एका खोलीत आक्का, सानवी, मी.
दीडच्या सुमारास आक्का झोपेतच म्हणाल्या,
टेप बंद करा.

कसली टेप, आक्का?

त्या उठून बसल्या. डोकं एका बाजूला कलतं करून
ऐकत राहिल्या.

अण्णा कॅसेटी पाठवायचे तेव्हा,
कुणीतरी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती.
एक बाजू आईवडलांना, एक बाजू हिला.
तब्येत, पगार, खजूर पाठवलाय, पोराला शाळेत घाल,
आणि बोलण्यामागे सतत एक घुरघुर,
वाढायची, ओसरायची, पुन्हा यायची.
हिला वाटायचं, मशीन बिघडलंय.
बाजारपेठेतल्या सिराज रेडिओवाल्याकडे
तीनदा हेड साफ करून आणलं,
तिसऱ्यांदा त्याच्याशी भांडूनसुद्धा.
त्या घुरघुरीत यांचे शब्द बुडतात
म्हणून कान लावून ऐकायची,
एकदा तर कान पोळला म्हणे, यंत्र तापून.

आता बाहेर तेच चाललं होतं.
वाढत, ओसरत.
आक्का पदर न सावरता बाल्कनीत गेल्या.
शेजारच्या बाल्कनीत अण्णा आधीपासूनच,
बनियनवर, कठड्याला रेलून.
दोघांच्या मध्ये सिमेंटची हातभर भिंत.

तुम्ही दार उघडं टाकून बोलायचा होय, आक्का म्हणाल्या.

अण्णांना काहीच कळलं नाही.
कधी?

मी दार लोटून घेतलं, पूर्ण नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही,
किंवा बोलले असतील, लाटेत बुडालं असेल.
मग आक्कांचा आवाज आला, नेहमीचा, हिशोबाचा :
सिराजला तीस रुपये दिले होते मी.
त्या वेळचे तीस.